एकट्याने नवं घर लावताना : आधी एक कोपरा, मग बाकीचं

उंबरठा

घर नवं आहे, रिकामं आहे आणि लावणारं माणूस एकच आहे. पैसे मोजके, वेळ मोजका, वस्तू धरायला दुसरा हात नाही. अशा वेळी सगळं घर एकदम लावायला घेतलं की दोन आठवड्यांत दम निघतो आणि अर्धवट उघडलेली खोकी महिनोन्‌महिने भिंतीला टेकून राहतात. म्हणून चर्चेचा हा धागा क्रमाने चालवू या. आधी काय, नंतर काय, आणि प्रत्येक काम नेमकं कसं.

मी सुचवेन तो क्रम असा : पलंगाजवळचा दिवा, खिडकीचा पडदा, दाराशी खुंटी आणि किल्ल्या ठेवायला छोटी फळी. त्यानंतर बसायची एक जागा. बाकी सगळं महिन्याभराने. कारण साधं आहे. एकटं माणूस संध्याकाळी कुलूप उघडून आत येतं तेव्हा रिकामी खोली सर्वांत जास्त अंगावर येते. त्या वेळी हाताला पहिल्यांदा लागतात त्या दिवा, पडदा आणि दाराशी खुंटी-फळी याच गोष्टी. एक कोपरा पूर्ण झाला, म्हणजे तिथे दिवा, बसायला जागा, भिंतीवर एखादी चौकट, पायाखाली सतरंजी असं सगळं जागच्या जागी आलं, की उरलेली खोली रिकामी असली तरी चालते. सगळ्या खोलीत थोडं थोडं करण्यात मात्र काहीच पूर्ण दिसत नाही.

काहीही विकत घेण्याआधी खोली मोजा. आलेखाच्या कागदावर १:२० प्रमाण धरा, म्हणजे १ मीटरला ५ सेंमी. दार कुठल्या बाजूला उघडतं, खिडकीची कड जमिनीपासून किती उंच आहे, प्लगच्या जागा कुठे आहेत, हे सगळं त्यात यायला हवं. फर्निचरचे तुकडे त्याच मापाने कापून कागदावर सरकवून बघा. ये-जा करायच्या वाटेला ७५ ते ९० सेंमी सोडा, पलंग आणि भिंत यांच्यात निदान ६० सेंमी. खुर्ची मागे ओढून उठायला टेबलाच्या कडेपासून ७५ सेंमी लागतात. शेवटी मोठ्या वस्तूच्या आकाराची वर्तमानपत्रं खऱ्या जमिनीवर अंथरा आणि दोन दिवस त्यांना वळसा घालून चाला. कागदावर बसलेलं कपाट पायाला आडवं येतंय का, ते तेव्हाच कळतं. आणि जिना, दाराची चौकट, वळणं हीदेखील मोजा. खोलीत मावणारी वस्तू दारातून आत येईलच असं नाही.

दिव्याबद्दल. छताला एकच पांढराफटक दिवा असला की खोली दवाखान्यासारखी दिसते. त्याऐवजी वेगवेगळ्या उंचीवर दोन-तीन छोटे दिवे लावा. बसण्या-झोपण्याच्या जागी २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) पिवळसर एलईडी, शिवणकामाच्या किंवा वाचनाच्या टेबलावर ४००० केल्विनचा. वॅट पाहून दिवा घेऊ नका, ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप पाहा. जुन्या ६० वॅटच्या तारेच्या बल्बइतका उजेड सुमारे ८०० ल्यूमेनचा असतो आणि एलईडीत त्याला ८ ते १० वॅट पुरतात. पलंगाजवळ २५० ते ४०० ल्यूमेन भरपूर झाले.

भिंतीत भोकं पाडण्याबद्दल ओळंबा यांनी आणि शिवणाबद्दल टाकाधागा यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

ओळंबा

लिहितो. एकट्याने भिंतीचं काम करताना घाई आणि अंदाज हे दोनच शत्रू.

साहित्य : हॅमर ड्रिल, भिंतीचे ६ आणि ८ मिमी बिट, त्याच मापाच्या गिट्ट्या (भोकात स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या), स्क्रू, मापाची टेप, पेन्सिल, पाणसळ, कागदी चिकटपट्टी, धुळीचा चष्मा. पाणसळ नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांच्या पाण्याची पातळी जुळवली तरी रेष अचूक येते. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, तो राहिला की माप चुकतं.

भोक पाडण्याआधी तारांचा विचार करा. भिंतीतल्या तारा बहुतेक वेळा स्विचबोर्डापासून सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या जातात. म्हणून बोर्डाच्या रेषेत वर, खाली, आजूबाजूला कुठेही ड्रिल लावू नका. नळाच्या रेषेलाही तोच नियम. शंका असेल तर मेन स्विच बंद करून बॅटरीवर चालणारं ड्रिल वापरा.

आता गिट्टी. प्लास्टरचा थर साधारण १२ ते १५ मिमी असतो आणि त्याला वजन धरता येत नाही. गिट्टी प्लास्टर ओलांडून विटेत घुसली पाहिजे. पडद्याच्या दांडीसाठी ८ मिमी जाडीची, ४० मिमी लांबीची गिट्टी आणि ५० मिमीचा स्क्रू घ्या. भोक गिट्टीपेक्षा १० मिमी खोल हवं, म्हणजे तळाशी साठलेल्या भुकटीला जागा राहते. बिटवर टोकापासून ५० मिमीवर चिकटपट्टीची एक गुंडाळी करा. ती भिंतीला टेकली की थांबायचं. भोकाच्या जागी आधी कागदी पट्टीची फुली चिकटवा, बिट घसरत नाही आणि रंग टवकत नाही. खाली जुनं पाकीट अर्धं उघडून चिकटवलं की सगळी धूळ त्यात पडते. सुरुवातीला हॅमर बंद ठेवून हळू फिरवा, प्लास्टर पार झालं की चालू करा. भोकातली भुकटी फुंकरीने नव्हे, बारीक ब्रशने काढा. फुंकर मारली की ती थेट डोळ्यांत येते.

खिडकीच्या वर काँक्रीटचं लिंटेल, म्हणजे आडवी तुळई असते. बिट तिथे हळू जातो, हे ठीक आहे. पण मध्येच एकदम अडून धातूचा आवाज आला तर सळई लागली आहे. जोर लावू नका. २ ते ३ सेंमी बाजूला नवं भोक घ्या.

दांडी एकट्याने लावायची असेल तर दोन्ही ब्रॅकेटच्या जागा आधी खुणावू नका. एक ब्रॅकेट पूर्ण बसवा. दांडीचं एक टोक त्यात ठेवा, दुसरं टोक एका हाताने धरा, दांडीवर पाणसळ ठेवा, बुडबुडा मध्ये आला की दुसऱ्या हाताने खूण करा. छताच्या कडेपासून मोजून खूण करू नका, कारण छत क्वचितच समपातळीत असतं.

चौकट टांगायचं गणितही सांगून ठेवतो. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंमीवर आला की उभ्या माणसाच्या नजरेला बरोबर बसतो. चौकटीची उंची ६० सेंमी, आणि मागची तार ताणून धरल्यावर ती वरच्या कडेपासून ८ सेंमी खाली येते, असं धरा. मग हूक कुठे? १४५ अधिक ३० उणे ८, म्हणजे जमिनीपासून १६७ सेंमीवर. तार सैल असताना मोजलं तर चित्र हमखास खाली बसतं, चूक तिथेच होते. ३५ सेंमीपेक्षा रुंद चौकटीला एक नव्हे, दोन हूक द्या. धक्क्याने वाकडी होत नाही. बैठकीवर टांगायचं असेल तर पाठीच्या कडेपासून १५ ते २० सेंमी वर. अनेक चौकटींमध्ये ५ ते ७ सेंमी अंतर, आणि आधी त्याच मापाचे कागद भिंतीवर चिकटवून मांडणी बघून घ्या.

निळीशाई

गिट्टी भोकातच फिरते, स्क्रू घट्ट होत नाही. भिंत ठिसूळ आहे, बोट फिरवलं की पांढरी भुकटी येते. काय करावं?

ओळंबा

गिट्टी फिरण्याची तीन कारणं. भोक मोठं झालं, ते विटांच्या सांध्यात पडलं, किंवा गिट्टी प्लास्टरमध्येच राहिली.

पहिल्यासाठी एक माप मोठी गिट्टी : ६ च्या जागी ८ ची. तरीही सैल असेल तर लाकडाची बारीक कपची पांढऱ्या गोंदात बुडवून भोकात ठोका, गिट्टी तिच्या शेजारी घाला, रात्रभर वाळू द्या आणि मग स्क्रू फिरवा. सांध्यात पडलेलं भोक सुधारत बसू नका. ४ ते ५ सेंमी सरकून विटेच्या मध्यावर नवं घ्या. सांध्यातून येणारी भुकटी राखाडी आणि रेताड असते, विटेची लाल. रंग बघितला की आपण कुठे आहोत ते समजतं. हलक्या पांढऱ्या ब्लॉकची भिंत असेल तर हॅमर अजिबात वापरू नका, फक्त फिरवून भोक घ्या. हॅमरने ब्लॉक आतून चुरतो आणि भोक नरसाळ्यासारखं होतं. तिथे लांब नायलॉनची गिट्टी लागते.

भुकटी येणाऱ्या भिंतीवर चिकट हूक टिकणार नाहीत, त्यावर वेळ घालवू नका. ते टाइल, काच, गुळगुळीत ऑइल पेंट यांवरच चालतात. पृष्ठभाग स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, हूक ३० सेकंद दाबा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत त्यावर काहीही टांगू नका. काढताना भिंतीपासून बाहेर ओढू नका. हेअर ड्रायरने पट्टी कोमट करा आणि भिंतीला समांतर, खालच्या दिशेने सावकाश ताणा.

टाकाधागा

पडद्यांचं गणित लिहिते. कापड कमी पडणं ही सर्वांत महागात पडणारी चूक, कारण नंतर त्याच रंगाचा तोच ताका मिळेलच असं नाही.

दांडी खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना १५ सेंमी जास्त घ्या आणि चौकटीच्या १० ते १५ सेंमी वर लावा. पडदा उघडल्यावर काचेवरून पूर्ण बाजूला जातो, आणि खिडकी आहे त्याहून मोठी दिसते. कापडाची रुंदी दांडीच्या दीड ते दोन पट हवी. त्याहून कमी घेतली तर बंद पडदा चादर टांगल्यासारखा सपाट दिसतो.

उदाहरण घेऊ. खिडकी १२० सेंमी, दांडी १५० सेंमी. कापडाचा पन्हा, म्हणजे ताक्याची रुंदी, १३७ सेंमी. दोन्ही कडा अडीच-अडीच सेंमी दोनदा दुमडल्या, म्हणजे प्रत्येक कडेला ५ सेंमी गेले. एक पाट, म्हणजे पडद्याचा एक भाग, १२७ सेंमीचा उरला, दोन मिळून २५४. दांडीच्या सुमारे १.७ पट. छान चुण्या पडतात.

आता लांबी. दांडीच्या वरपासून जमीन २२० सेंमी. पडदा जमिनीपासून १ सेंमी वर हवा, म्हणजे २१९. खालची दुमड ८ सेंमी, दोनदा, म्हणून १६. वरचा नेफा : दांडीचा व्यास अडीच सेंमी असेल तर परीघ जवळपास ८, त्याचा निम्मा ४, सरकायला १ सेंमी सैल, म्हणून ५ सेंमीचा नेफा आणि आत दुमडायला दीड. बेरीज २४१.५ सेंमी. सुती कापड धुतल्यावर ५ टक्क्यांपर्यंत आटू शकतं, त्यामुळे एका पाटाला २५५ सेंमी घ्या. दोन पाटांना ५ मीटर १० सेंमी.

आणि कापण्याआधी कापड धुवाच. आटतं म्हणून तर खरंच, पण खळ निघून जाते आणि कापड खरं कसं पडतं ते तेव्हाच कळतं. धुतल्यावर किंचित ओलं असताना इस्त्री करा. कापताना कापडाच्या कडेपासून काटकोन न धरता आडवा एक धागा ओढून काढा आणि त्या रेषेवर कापा. ताका गुंडाळताना कापड तिरपं झालेलं असतं. धागा न ओढता कापलेला पडदा दोन धुण्यांनंतर एका कोपऱ्यात लोंबायला लागतो.

खालची दुमड लगेच शिवू नका. नुसता कच्चा टाका घालून पडदा दोन-तीन दिवस टांगून ठेवा. जड कापड स्वतःच्या वजनाने थोडं खाली येतं. मग जमिनीपासून मोजून पक्की दुमड घाला.

अनु७

शिवणयंत्र नसेल तर?

टाकाधागा

हाताने होतं. कडांना साधा धावदोरा चालेल, एका इंचात ६ ते ८ टाके. नेफ्याला मात्र धावदोरा नको, तिथे दांडीची ओढ बसते. तिथे टीप घाला : प्रत्येक टाका अर्धा मागे घेऊन पुढे काढायचा. धागा हातभरच घ्या, लांब धाग्याला पीळ पडतो आणि गाठी होतात. पीळ पडलाच तर सुई सोडून लोंबती ठेवा, ती आपोआप उलगडते. खालच्या दुमडीला आतून तिरका टाका घालायचा, सुईच्या टोकावर बाहेरच्या कापडाचे एक-दोनच धागे उचलायचे. दर्शनी बाजूला टाका दिसला तर जास्त धागे उचलले जात आहेत.

इस्त्रीने चिकटणारी हेमिंग टेप हा दुसरा मार्ग. दुमडीच्या आत ती ठेवा, वर ओलसर सुती फडकं, आणि इस्त्री १० ते १५ सेकंद नुसती दाबून धरा. सरकवली की टेप गोळा होते. पूर्ण गार झाल्याशिवाय कापड उचलू नका. गरम असताना उचललं की सांधा सुटतो आणि मग टेपला दोष दिला जातो. जड कापडाला ती टिकत नाही.

उशीच्या अभ्र्यालाही चेन लागत नाही. ४० बाय ४० सेंमीच्या तयार अभ्र्यासाठी ४२ सेंमी रुंद, ९८ सेंमी लांब एकच पट्टा कापा. दोन्ही आखूड कडा ३ सेंमी दुमडा (१ आणि वर २), शिवा. ९२ सेंमी उरले. पट्टा सुलट बाजू वर ठेवून पसरा, दोन्ही टोकं मध्याकडे अशी आणा की ती एकमेकांवर १२ सेंमी चढतील आणि घडी ४० सेंमी रुंद होईल. वरची आणि खालची कड १ सेंमीवर शिवा. जिथे टोकं एकमेकांवर येतात तिथे दोनदा शिवा, उशी घालताना ताण तिथेच बसतो. कोपरे तिरपे छाटा, उलटा करा. आतली उशी ४२ ते ४५ सेंमीची घ्या, तर अभ्रा भरलेला दिसतो. चढ १० सेंमीपेक्षा कमी ठेवली तर मागचं तोंड आ वासून राहतं.

निळीशाई

याच साध्या सुती अभ्र्यावर स्टेन्सिलने नक्षी काढायची असेल तर कापडाचा रंग घ्या, भिंतीचा किंवा पोस्टरचा नको. स्पंजवर रंग अगदी थोडा, आधी जुन्या कागदावर टिपून घ्यायचा आणि मग कापडावर उभा थोपटायचा. ओढला की स्टेन्सिलच्या कडेखाली रंग शिरतो. अभ्र्याच्या आत पुठ्ठा घालायला विसरू नका, नाहीतर मागच्या बाजूला उमटतो. २४ तास वाळवून उलट बाजूने ३ ते ५ मिनिटं कोरडी इस्त्री फिरवली की रंग पक्का होतो. स्टेन्सिल प्रत्येक ठशानंतर पुसायचं.

उंबरठा

वा, हे फार उपयोगाचं आहे. त्याच धर्तीवर कागदी दिवाझाकण सांगते. दोन गोल तारेच्या कड्या लागतात, व्यास २० सेंमी. त्यांतली एक मधोमध दांड्या असलेली, जी होल्डरवर बसते. जाड हातकागदाचा पट्टा २५ सेंमी उंच आणि ६४.५ सेंमी लांब : परीघ ६२.८, आणि दीड-पावणेदोन सेंमी चढ. कागद आधी सैलसा गुंडाळून पुस्तकांच्या वजनाखाली रात्रभर ठेवला की त्याला वळण येतं. गोंद कागदाला नव्हे, कडीला लावायचा, आणि घट्टच. पातळ गोंदातलं पाणी कागद पितो, वाळताना तो आक्रसतो आणि दिवा लागला की नेमक्या त्याच सुरकुत्या उठून दिसतात. चढीच्या उभ्या सांध्याला गोंद नकोच, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा. कपड्यांचे चिमटे लावून कडी वाळेपर्यंत धरून ठेवा.

आत फक्त एलईडी, ५ ते ६ वॅटचा. कागद आणि दिवा यांच्यात चहूबाजूंनी निदान ५ सेंमी. वरखाली उघडं ठेवा, एलईडीची उष्णता बुडाशी साठते आणि हवा कोंडली तर दिव्याचं आयुष्य कमी होतं. दिव्याची वायर सतरंजीखालून नेऊ नका. पाय पडून आवरण झिजतं, ते दिसतही नाही.

पारंबी

खिडकीपाशी एक झाड टांगायचं असेल तर गाठींच्या टांगणीचं माप देते. ३ किंवा ४ मिमी जाडीचा सुती दोर, ४ मीटरचे ८ तुकडे, एकूण ३२ मीटर, शिवाय गुंडाळायला ६० सेंमीचे २ तुकडे. ५ सेंमीच्या कडीतून सगळे अर्ध्यावर घाला, २ मीटरची १६ टोकं मिळतात. कडीखाली एक ६० सेंमीचा तुकडा घट्ट गुंडाळून छोटा गळा करा. चार-चार टोकांचे चार गट पाडा.

गळ्यापासून २० सेंमी मोकळे सोडून प्रत्येक गटात २० सेंमी चौकोनी गाठी. मधली दोन टोकं नुसती ताणून धरायची, बाहेरची दोन गाठ मारतात. एकदा डावीकडून सुरुवात, पुढच्या वेळी उजवीकडून, असं आलटून-पालटून केलं की पट्टी सपाट येते. दर वेळी एकाच बाजूने सुरू केलं की तीच पट्टी पिळासारखी गोल फिरते. दोन्ही सुंदर दिसतात, पण एका टांगणीत नकळत दोन्ही झाले तर ती चूक दिसते. गाठी मारणारी टोकं गाठीच्या पट्टीच्या जवळजवळ चौपट दोर खातात, मधली तशीच राहतात. नक्षी लांब करायची असेल तर अर्ध्यावर मधली आणि बाहेरची यांची अदलाबदल करा.

मग ९ सेंमी सोडा, एका गटातली दोन आणि शेजारच्या गटातली दोन टोकं घेऊन एक चौकोनी गाठ. अशा चार. पुन्हा ८ सेंमी सोडून सगळी १६ टोकं दुसऱ्या तुकड्याने गुंडाळा, खाली १५ सेंमीचा गोंडा ठेवून समान कापा. १५ सेंमी तोंडाची कुंडी यात बसते.

अनु७

कुंडी तिरकी होते. गाठी नीट आहेत तरी.

पारंबी

जाळीच्या त्या चार गाठी एका पातळीवर नसणार. अर्ध्या सेंमीचा फरकही कुंडी कलंडवतो. टांगणी दाराच्या मुठीला लटकवा, चारही पट्ट्यांच्या शेवटच्या गाठीपासून ९ सेंमी मोजून प्रत्येकीवर कागदी पट्टीची खूण करा, आणि गाठ खुणेवरच आवळा. झालेल्या टांगणीत ती एक गाठ सुईच्या बोथट टोकाने सैल करून सरकवता येते, सगळं उसवायची गरज नाही. दुसरं कारण म्हणजे तळाची गुंडाळी कुंडीच्या बरोबर मध्याखाली नसणं.

आणि वजन लक्षात घ्या. १५ सेंमीची कुंडी ओल्या मातीसह ३ किलोच्या आसपास जाते. पडद्याच्या दांडीला ती टांगू नका. कुंडीखाली बशी आतच ठेवा. सुती दोर सतत ओला राहिला की तळाशी काळा पडून कुजतो, आणि तुटतो तोही तिथेच.

रंधा

पुस्तकांच्या फळीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. १८ मिमी प्लायवूडच्या फळीला दर ६० सेंमीवर ब्रॅकेट हवं. पुस्तकं एक मीटर रांगेत ३० किलोपर्यंत भरतात, आणि अंतर ९० सेंमी ठेवलं की सहा महिन्यांत फळीला बाक येतो. भुसा दाबून केलेल्या पट्ट्या त्याहून लवकर वाकतात आणि वाकल्या की उलटी करूनही सरळ होत नाहीत. ब्रॅकेटचा लांब पाय भिंतीवर, आखूड पाय फळीखाली. उलट लावलेली खूप दिसतात. ओढ सगळी वरच्या स्क्रूवर येते, म्हणून तो विटेत पक्का हवा. फळीच्या खोलीच्या दोन-तृतीयांश लांबीचा तरी आधार पाहिजे.

प्लायच्या कापलेल्या कडा १२० च्या पॉलिश पेपरने घासा, मग २२० च्या. नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवं घासलेलं पॉलिश लावल्यावर ओरखड्यांसारखं दिसतं. पॉलिशचे दोन पातळ हात, मध्ये २२० चा हलका हात.

उंच, अरुंद कपाट असेल तर वरच्या बाजूला एल पट्टीने भिंतीला बांधा. एकट्या घरात कपाट अंगावर आलं तर सोडवायला कोणी नसतं. जड सामान हलवायला पायांखाली जुनी जाड चादर घाला आणि ओढण्यापेक्षा ढकला. शिडीवर उभं राहून काम करताना दोन पाय आणि एक हात कायम शिडीवर. दोन्ही हात लागणारं काम आणि वर बघत करायचं काम, जसं छतातला हूक, हे एकट्याने करू नका. तेवढ्या अर्ध्या तासासाठी कोणाला तरी बोलवा.

निळीशाई

एक भिंत रंगवायची आहे, खाली दीड फुटापर्यंत पोपडे आहेत. खरवडून पुट्टी लावून रंगवलं तर चालेल का?

ओळंबा

नाही. ओल कुठून येते हे कळल्याशिवाय रंग नको, पहिल्या दमट महिन्यात सगळं परत फुगतं. साधी चाचणी करा. अर्धा मीटर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक त्या जागी चारही कडा चिकटपट्टीने बंद करून लावा, दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय : नळ, बाहेरची तडा, जमिनीतली ओल. ते काम घरमालकाचं. बाहेरच्या बाजूला थेंब आले तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर जमतेय. तिथे कपाट भिंतीपासून ५ ते ८ सेंमी पुढे ओढा आणि खिडकी उघडी ठेवायची सवय लावा.

रंगाचं माप. भिंत ३ बाय २.७ मीटर, म्हणजे ८.१ चौरस मीटर. दोन हात, १६.२. एक लिटर सुमारे १० चौरस मीटर जातो, म्हणून १.६ लिटर लागतो, २ लिटर घ्या. छोट्या तुकड्यावर रंगून दिवसाच्या आणि रात्रीच्या दोन्ही उजेडात बघा, पिवळ्या दिव्याखाली निळा रंग राखाडी होतो. चिकटपट्टी दुसऱ्या हातानंतर रंग पूर्ण वाळण्याआधी तिरकी ओढून काढा. वाळल्यावर काढली तर रंगाची साल तिच्याबरोबर येते.

अनु७

६० बाय ९० सेंमीचा बिनचौकटीचा आरसा भिंतीला सिलिकॉनने चिकटवता येईल का?

ओळंबा

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशाला कधीच लावू नका. त्यातलं आम्ल मागचा चकचकीत थर खातं आणि काही महिन्यांत काळे डाग पडतात. आरशासाठी न्यूट्रल सिलिकॉन मिळतं, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. पण भाड्याच्या घरात चिकटवूच नका, काढताना आरसा फुटतो किंवा प्लास्टर येतं. काचेचं वजन दर मिमी जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. तुमचा आरसा ४ मिमीचा असेल तर ५.४ किलो झाला. खाली दोन, बाजूंना दोन आरशाच्या क्लिपा, गिट्ट्या लावून. क्लिपमध्ये काच आणि धातू यांच्यात रबराचा तुकडा हवा आणि स्क्रू काच हलायची थांबेपर्यंतच आवळायचा. त्यापुढचा अर्धा फेरा आवळला की कोपऱ्यात तडा जातो. खिडकीच्या समोर किंवा काटकोनात लावला तर खोलीत उजेड दुप्पट वाटतो.

टाकाधागा

ओळंबा, घर सोडताना ही भोकं बुजवायची कशी तेही सांगून ठेवा. अनामत रकमेचा प्रश्न असतो.

ओळंबा

गिट्टीत स्क्रू अर्धा फिरवा, पकडीने स्क्रू धरून सरळ ओढा, गिट्टी त्याच्याबरोबर येते. येत नसेल तर खणत बसू नका, स्क्रूड्रायव्हर ठेवून २-३ मिमी आत ठोका. भोकाची फुगलेली कड चाकूने कापून सपाट करा. आतली धूळ काढा, ओल्या ब्रशने किंचित भिजवा, नाहीतर कोरडी वीट पुट्टीतलं पाणी लगेच शोषते आणि ती सुटते. पुट्टी दोनदा भरा. पहिला थर वाळताना आत खचतो, त्याला रात्रभर द्या, मग दुसरा, किंचित वर. वाळल्यावर २२० ने घासा, बोट फिरवून बघा. कड डोळ्यांआधी बोटाला लागते.

रंगाचा ठिपका ब्रशने लावू नका. भिंत रोलरने रंगवलेली असते, ब्रशचा गुळगुळीत डाग उजेडात चमकतो. १० सेंमीचा छोटा रोलर, मध्यावर रंग आणि कडेकडे जवळजवळ कोरडा. त्यासाठी भिंत रंगवतानाच पाव लिटर रंग काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवा, हवा कमी राहिली की साय धरत नाही. झाकणावर शेडचा क्रमांक, खोली आणि तारीख लिहा.

अनु७

बरणी धुऊन ठेवली. दिव्यापासून सुरुवात करते.